भर पावसात फोडलेलं पेव

किन्हीराजात जर्मनी हा शब्द दोनच माणसं वापरत. बाकीच्यांचं काम नुसत्या 'जर्मन'वर भागायचं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं डेचकं, ताटली, डबा. पितळेपेक्षा स्वस्त, उचलायला हलकं आणि पडलं की पोचा येणारं. बाजारात बायका एकमेकींना "हे जर्मन कितीले पडलं वं?" असं विचारायच्या. जर्मनी नावाचा देश आहे, तिथे आपल्यासारखीच माणसं राहतात आणि त्यांच्या नोटांचं काहीतरी भलतंच झालं आहे, ही बातमी गावात फक्त दोघांजवळ होती. एक मी, तिथल्या मराठी शाळेचा हेडमास्तर. दुसरे नेमासा.

नेमासांवर लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी टाळत आलो. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर शेवटी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि ते काही मिरवण्यासारखं नाही. आता नेमासा नाहीत, त्यांच्या पत्नी रतनबाईही नाहीत. मला शरम वाटावी असं कुणी उरलेलं नाही, तरी ती वाटतेच. म्हणून लिहून टाकतो.

ते मूळचे कारंज्याच्या एका जैन घराण्यातले. वडिलांनी किन्हीराजात किराण्याचं आणि धान्याचं दुकान टाकलं, ते यांनी चालवलं. उंच, वाळके, अंगात बाराबंदी, डोक्यावर काळी टोपी, पाय कायम अनवाणी. चालताना नजर जमिनीवर, कारण मुंगी. दुकानातून शाळेपर्यंत मला लागायची पाच मिनिटं, नेमासांना पंधरा. पावसाळ्यात तर त्यांना बोलावणं धाडायचं असेल तर तासभर आधी धाडावं लागे. पाणी गाळलेलं, जेवण सूर्य मावळायच्या आत, आणि दुकानात कांदा, लसूण, बटाटा यांना बंदी. त्यावरून गाव त्यांना चिडवायचं. कुणीतरी मुद्दाम जाऊन, "सावजी, दोन शेर कांदे द्या जी," म्हणायचं आणि नेमासा तितक्याच गंभीरपणे, "संपले बापा, माझ्या आजोबाच्या वक्तालेच संपले," असं सांगायचे. मी दुपारी झुणक्याबरोबर कांदा खाल्लेला असला तर त्यांना चार हातांवरून कळे. बोलायचे काही नाहीत, फक्त वाऱ्याची दिशा बघून सतरंजीवरची आपली जागा बदलायचे.

त्यांची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. तागडीत माल टाकायच्या आधी ते रिकामी तागडी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर धरत आणि म्हणत, "पाहून घ्या. रिकामी आहे. मंग म्हना." दिवसातून शंभर गिऱ्हाइकं आली तरी शंभर वेळा. तेच गिऱ्हाईक मीठ घेऊन पाच मिनिटांनी गुळाला परत आलं, तरी पुन्हा. एकदा मी चिडून म्हणालो, "सावजी, मी रोजचा माणूस. मला काय दाखवता?" तर म्हणाले, "तुमाले नाही दाखवत मास्तर. माझ्या हाताले दाखवतो. त्याची आठवन राह्यली पाह्यजे."

आमची गट्टी जमली ती इंग्रजी पेपरमुळे. मुंबईचा एक पेपर ते कापसाच्या भावासाठी घेत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. गावचं टपाल शाळेतच येई, पोस्टमास्तरही मीच, त्यामुळे पेपर आधी माझ्या हातात पडे. वेष्टण काढून मी शाळेतच तो वरवर चाळायचो, हे नियमात बसत नव्हतं, पण नेमासांनी कधी हरकत घेतली नाही. चार वाजता शाळा सुटली की मी दुकानाच्या ओट्यावर जाई. रतनबाई सतरंजी टाकून ठेवत. मी वाचून मराठीत सांगायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि सूर्य कलला की उठून जेवायला जायचं. वाचून झालेल्या पेपरच्या ते पुड्यांसाठी कापण्या करत. एका तावाच्या सोळा. रोजचे चार ताव, चौसष्ट पुड्या. विलायतेच्या पार्लमेंटातली भाषणं आमच्या गावात हळदीत आणि जिऱ्यात घरोघर पोचत.

जर्मनी त्यांच्या आयुष्यात शिरली ती खिशातून. पहिल्या लढाईनंतर मार्कचा भाव घसरत चालला, तेव्हा मुंबईच्या कुण्या दलालाच्या सांगण्यावरून पुष्कळ लोकांनी मार्कच्या नोटा घेऊन ठेवल्या, त्यात नेमासाही होते. लढाईआधी एक मार्क म्हणजे बारा आणे. आता रुपयाला ढीगभर मिळतात. आज ना उद्या तो देश उठेल, मार्क वर येईल, असा हिशेब. देश उठला, पण त्या नोटा नाही उठल्या. मार्क इतका कोसळला की तिथले लोक पगार टोपलीतून घरी न्यायला लागले. मग एका नोव्हेंबरात सरकारने जुन्याला रामराम ठोकला आणि नवा मार्क काढला. जुन्या मार्कांचा एकावर बारा शून्यं इतका ढीग द्यावा तेव्हा नवा एक हाती पडायचा. ही बातमी मी वाचून सांगितली तेव्हा मला वाटलं, म्हातारा ओट्यावरून कोसळतो की काय. नेमासांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अन् हा नवा लोक घेऊन राह्यले?"

"घेतात म्हणे. दुकानं उघडली, शेतकऱ्यांनी धान्य बाजारात आणलं."

"हाही कागदाचाच?"

"कागदाचाच. सोनं नाही त्यांच्याजवळ. देशातली सगळी शेती आणि कारखाने त्यांनी कागदोपत्री गहाण ठेवले आहेत आणि त्यावर नोट काढली आहे."

"म्हंजे नोट घेऊन गेलं तर वावर भेटते?"

"नाही, तसं कसं भेटेल?"

नेमासांनी परत डोळे मिटले. बुडालेल्या पैशाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्या नोटा त्यांनी दुकानाच्या कपाटाला आतून चिकटवून टाकल्या. झुरळं कमी झाली, एवढाच फायदा सांगायचे. पण तो प्रश्न मात्र त्यांना चिकटला. कागद तोच, लोक तेच, गहाणातलं वावर कुणाला मिळायचं नाही. मग रात्रीतून काय बदललं? पुढची सहा-सात वर्षं जर्मनीची बारीकशी बातमी असली तरी त्यांनी मला ती दोनदा वाचायला लावली. कारखाने सुरू झाले, रेल्वे भाडं कमी झालं, कुठे नवी घरं बांधली, सगळं. शेवटी एके दिवशी तागडी पुसता पुसता त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. "मास्तर, त्याइनं दोन गोष्टी केल्या. नोट मोजून काढली, अन् लोकाइनं आणखीन मागितली तरी नाही म्हटलं. बस. बाकी वावरगिवर सब दाखवाले."

मी शाळेत मुलांना इतिहास शिकवत होतो, पण नुसत्या विश्वासावर चालणारं पतचलन म्हणजे काय ते मला ओट्यावर कळलं.

मग मंदी आली. कापसाचा भाव पडला तो उठेचना. त्या साली ज्वारी मात्र मायंदाळ पिकली, आणि तिला भाव नाही. गावात खायला होतं, कामाला हात होते, आणि रुपया कुणाजवळच नव्हता. किसन कुंभार माझ्यादेखत म्हणाला, "मडके भरून राह्यले घरात, घेनारा हाय, पन देनार काय?" शिंप्याला कापड मिळेना, तेल्याची घाणी थांबली, सुताराकडे तुटलेली वखरं पडून. माणूस धडधाकट आणि गाव आजारी, असं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

नेमासांची गावाबाहेरच्या पांढरीत, जुन्या गावठाणाच्या मातीत, तीन पेवं होती. ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखं खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं खणतात, कडेने कडबा लावतात, धान्य भरून वर दगड ठेवतात आणि माती-शेणाने लिंपून टाकतात. आत वारा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं ज्वारी टिकते. पण पेव एकदा फोडलं की सगळं धान्य लवकर काढावं लागतं, आणि पावसाळ्यात ते कुणी फोडत नाही. ओल शिरली की संपलं.

संक्रांतीच्या सुमाराला नेमासा मला म्हणाले, "मास्तर, त्याइनं वावरावर नोट काढली. आपन जवारीवर काढू." मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी जवळच्या मालेगावहून निळा कागद आणवला होता. एका चिठ्ठीला एक पायली ज्वारी. खाली नेमासांची सही. पेवांत जितकी ज्वारी, तिच्या तीनपैकी दोन हिश्श्यांइतक्याच चिठ्ठ्या काढायच्या, तिसऱ्या हिश्श्याला हात लावायचा नाही. मजकूर मी लिहून दिला. त्यांना त्यात एक ओळ हवी होती: पावसाळ्याचे चार महिने एकदम मागू नये. मी ती खोडली. अट घातली की लोक बिचकतात, असा उपदेश केला आणि त्याजागी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मागताक्षणी मिळेल.' नेमासांनी ते दोनदा वाचलं. "बरं," म्हणाले. "लोकाइले मी तोंडानं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून. थोडी थोडी लागेल तशी दुकानातल्या कणगीतून न्या, पेव पावसाळ्यात फोडायला लावू नका. कुणीतरी ओरडलं, "सावजी, पेव दाखवा ना पयले!" नेमासा हसले. "तागडी दाखवता येते बापा. पेव दाखवलं का फुटलं. तिथं मानूस पाहा लागते."

लोकांनी माणूस पाहिला. पहिल्यांदा किसनने चिठ्ठी घेतली, कारण नेमासांनी स्वतः त्याच्याकडून चार रांजण घेतले. किसनने ती तेल्याला दिली, तेल्याने सुताराला, सुताराने पुन्हा किसनला. तीन महिन्यांत चिठ्ठ्या मळून काळ्या झाल्या आणि ज्वारी मागायला फारसं कुणी आलंच नाही. घाणी फिरायला लागली. पांढरीवर कुंभाराच्या भट्टीचा धूर दिसायला लागला. शेजारच्या गावचे लोक आमच्या बाजारात येऊन चिठ्ठ्या घेऊ लागले. तहसिलीतून एक कारकून चौकशीला आला. सरकारशिवाय नोट काढणं गुन्हा आहे, असं त्याने बजावलं. नेमासांनी चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली. "याच्यावर रुपया कुठं लिवला साहेब? जवारी लिवली. जवारी तुमच्या टाकसाळीत होते काय?" कारकुनाने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, चहा घेतला आणि जाताना आपल्या घरासाठी दोन रांजण नेले. त्याचे पैसे कसे दिले ते मला आठवत नाही, पण बहुतेक त्यानेही चिठ्ठीच दिली असावी.

पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा पाटील स्वतः ओट्यावर आले. "सावजी, शंभर चिठ्ठ्या जास्तीच्या काढा. तुमच्या हातचा कागद, तुमचीच सही. कोनाले समजते?"

"मले समजते," नेमासा म्हणाले.

पाटील रागावून गेले. लग्नाचं सामान त्यांनी वाशीमहून आणलं, आणि लग्नाला नेमासांना बोलावलं नाही. नेमासांनी आहेर मात्र धाडला.

आता माझं. माझा पगार रुपयांत यायचा, उशिरा का होईना. त्यातला अर्धा मी नेमासांना देऊन चिठ्ठ्या घेत असे. गावात दूध, भाजी, धुणं सगळं चिठ्ठीवर मिळायचं. पण मी घेत होतो ते खर्चापेक्षा जास्त. ज्वारीचा भाव पुढे चढेल, तेव्हा विकून चार पैसे सुटतील, हा माझा विचार होता. तो मी कुणाला बोललो नव्हतो. जुलैपर्यंत माझ्या ट्रंकेत एकशेवीस चिठ्ठ्या साठल्या होत्या.

जुलैत एके दिवशी शाळेत वेष्टण काढून मी पेपर चाळला. आतल्या पानावर जर्मनीची मोठी बातमी होती. बर्लिनमधली एक मोठी बँक बंद पडली होती, सरकारने सगळ्याच बँकांना कुलपं लावली होती आणि दारांसमोर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. ज्या देशाचं सावरणं मी सात-आठ वर्षं नेमासांना वाचून दाखवलं, तो देश पुन्हा बसला होता. बाहेर पाऊस लागला होता, वर्गात मुलं पाढे म्हणत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ट्रंक होती. ही बातमी ओट्यावर वाचली तर माझ्याआधी इतरच ज्वारी मागायला धावतील, असं वाटलं. मी तो आतला ताव काढला, घडी केली आणि कोटाच्या खिशात घातला.

चार वाजता ओट्यावर गेलो. कापसाचे भाव वाचले. कुठल्याशा क्रिकेटच्या सामन्याचं वाचलं. "जर्मनीचं काय म्हनते?" नेमासांनी नेहमीसारखं विचारलं. "आज काही नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी चिठ्ठ्यांचं पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं. "सावजी, ज्वारी पाहिजे."

"सारी?"

"सारी."

एकशेवीस पायल्या म्हणजे जवळपास पाच पोती. कणगीत दीड पोतंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काही नड आली काय? रुपये पाह्यजे असतीन तर पंधरा दिवस थांबा, करतो काहीतरी."

"नाही. ज्वारीच पाहिजे. वडील आजारी आहेत, वाशीमला धाडायची आहे." वडील ठणठणीत होते. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून मी आणखी म्हणालो, "चिठ्ठीवर 'मागताक्षणी' असं लिहिलं आहे."

नेमासांनी वरची चिठ्ठी हातात घेतली आणि माझी ती ओळ बोट ठेवून वाचली. "हाव," म्हणाले. "लिवलं आहे."

पेव फोडलं ते भर दुपारी, वरून ताडपत्री धरून. चार माणसांनी चार कोपरे धरले होते तरी पाणी आत पडतच होतं. दगड सरकवल्यावर आतून उग्र, गरम वाफ आली. किसनने दोरीला दिवा बांधून आत सोडला, तो विझला, म्हणजे आतली हवा अजून विषारी होती. सगळे थांबले. पावसात उभं राहून दिवा टिकेपर्यंत वाट पाहणाऱ्या त्या गर्दीत मीही होतो. निम्मं गाव जमलं होतं. शेवटी दिवा टिकला आणि सगळ्यांनी वाकून पाहिलं. पेव गळ्यापर्यंत भरलेलं होतं. पांढरी, टपोरी ज्वारी.

मला हायसं वाटलं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आता शंकाच मिटली, झालं ते बरंच झालं, अशी मी मनाची समजूत घालत होतो. तेवढ्यात मागे दोन बाया बोलत होत्या. "मास्तर कायले काढून राह्यले वं?" "मास्तर पेपर वाचते बाई. त्याइले काही तरी समजलं असन."

संध्याकाळपर्यंत दुकानापुढे रांग लागली. जवळजवळ मी वाचलेल्या बातमीतल्यासारखीच. किसनही त्यात होता. खाली मान घालून म्हणाला, "सावजी, माझ्या पोराईचं..." नेमासांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही, माप हातात घेतलं. रिकामं माप समोर धरलं. "पाहून घे किसन. रिकामं आहे. मंग म्हन." लहान पेवं आधी आणि मोठं शेवटी, अशी तीन दिवसांत तिन्ही पेवं फुटली. प्रत्येक चिठ्ठीची ज्वारी दिली गेली. एकाचीही पायली बुडाली नाही. शेवटची चिठ्ठी आली तेव्हा हिशेबाप्रमाणे तिसरा हिस्सा खाली शिल्लक होता. नेमासांचं गणित चोख होतं. खोट फक्त माझ्यात होती.

तो शिल्लक हिस्सा भिजला. आठ दिवसांत त्यात सोंडे झाले. उघडीप मिळाली तेव्हा रतनबाईंनी ज्वारी उन्हात घालायला काढली, तर नेमासांनी हात धरला. "उन्हात किडे मरतीन." ज्वारी तशीच ज्याला हवी त्याला नेऊ दिली. गावातली घाणी पुन्हा थांबली. किसन भट्टी विझवून कारंज्याच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, मजुरीला गेला. माझी पाच पोती माझ्या खोलीत कोपऱ्यात उभी होती. ज्वारीचा भाव चढलाच नाही, म्हणून ती मी वर्षभर खाल्ली. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक वास असतो. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही.

मला वाटलं होतं, नेमासा आता पेपर बंद करतील, निदान मला तरी. पण पेवं फुटली त्याच आठवड्यात दुकानावरून जाताना रतनबाईंनी सतरंजी टाकलेली दिसली. "या मास्तर," ते म्हणाले. "काय म्हनते जर्मनी?" वडिलांची तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणालो. एवढंच बदललं की त्या दिवसापासून मी पेपर दिला की ते आधी तो स्वतःच्या हातात घेत, क्षणभर उलटसुलट करत आणि मग मला परत देत. मला वाटे, चित्रं पाहतात.

पुढे जर्मनीत नवी राजवट आली, बेकारी संपली, सगळ्यांना कामं लागली, अशा बातम्या येऊ लागल्या. मी उत्साहाने वाचत असे, कदाचित पूर्वीचं भरून काढायला. नेमासांना मात्र ते पटेना. "काम कायचं करून राह्यले?"

"रस्ते, कारखाने. तोफा, विमानं."

"तोफ बाजारात कोन घेते मास्तर? तिची किंमत कोनाच्या तरी घरातूनच निंगन." आणि उठून जेवायला गेले. लढाई सुरू झाली तेव्हा मला हे वाक्य आठवलं. तोवर माझी वाशीमला बदली झाली होती, आणि नेमासा दुकान मोडून कारंज्याला मुलीकडे राहायला गेले होते.

लढाई चालू असतानाच एकदा शाळेच्या कामानिमित्त कारंज्याला गेलो आणि त्यांना भेटलो. ओसरीत बसले होते, आणखी वाळलेले. मला पाहताच त्यांनी आत हाक मारून सतरंजी मागवली. बाजूला त्या दिवसाचा इंग्रजी पेपर होता. तो त्यांनी उचलला, मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने एकेक ताव बाजूला सारत मोजला. "एक, दोन. लढाईनं कागद महाग झाला." मग पेपर माझ्यासमोर धरला.

मी तो घेऊ शकलो नाही. इतक्या वर्षांनी मला कळलं, ते चित्रं पाहत नव्हते.

"सावजी," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

"तीन ताव आले होते. चार पाह्यजे होते. अठ्ठेचाळीसच पुड्या झाल्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कापसाचा भाव सांगावा तसं सांगत होते. "मले इंग्रजी नाही येत मास्तर. ताव मोजता येतात."

"मग पेव का फोडलं? मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुमी काय सांगतलं असतं?"

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ करू लागलो.

"पाहा. तुमी लबाड बोलले असते, अन् मले ते समजलं असतं. मंग दुसऱ्या दिवशी पेपर कोनाकडून वाचून घेतला असता? गावात इंग्रजी येनारे तुमी एकटेच." ते जरासे हसले. "अन् जवारी तर होतीच की बापा. घ्या, वाचा. सूर्य आहे तोवर."

मी वाचलं. लढाईच्या बातम्या, जर्मनीच्या, कापसाचे भाव, खाली साबणाची जाहिरात होती तीसुद्धा. एक ओळ सोडली नाही. नेमासा डोळे मिटून ऐकत होते. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं तसे ते भिंतीला धरून उठले आणि आत जेवायला निघाले. दारात थांबून वळले.

"उद्या असाल तर या," म्हणाले. "ताव मोजून ठेवतो."